रायबंदरचे सहा दिवस

गोव्याला चाललेय म्हटल्यावर होस्टेलवर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "कुठला बीच?" मी म्हटलं, रायबंदर. तिथे बीच नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. आत्याकडे मी चौथीत असताना शेवटची गेले होते, आणि त्यातलं आठवत होतं ते एवढंच की घराच्या मागे पाणी आहे आणि आत्याच्या सासऱ्यांना 'आबा' म्हणायचं.

मार्चमध्ये मिड-सेम संपल्यावर आठवडाभर सुट्टी मिळाली. मिरजेला घरी जायचं तर दोन दिवसांत आई कपाटं आवरायला लावते. म्हणून गोवा.

शुक्रवार

पुण्याहून रात्रीची स्लीपर बस. काकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, फोनवर बजावलं होतं, "पणजीपर्यंत येऊ नको. म्हापशाला उतर. शुक्रवार आहे, बाजार करू आणि बरोबरच घरी जाऊ." म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणजे आसपासच्या गावांतून जे काही पिकतं, वाळतं, मुरतं ते सगळं तिथे येतं, असं ऐकून होते. सकाळी साडेपाचचा गजर लावला. बर्थच्या डोक्याशी असलेलं चार्जिंगचं भोक केवळ शोभेचं होतं हे मला कसं कळणार? फोन रात्रीच कधीतरी मेला आणि गजरही त्याच्याबरोबर गेला.

जाग आली तेव्हा बस उंच पुलावर होती, बाजूने जाडजूड केबली सरकत होत्या आणि खाली नदीत कॅसिनोच्या बोटी उजाडलं तरी दिवे लावून उभ्या होत्या. अटल सेतू. म्हणजे म्हापसा केव्हाच मागे पडलं होतं.

पणजीच्या स्टँडवर चहावाल्याकडून फोन मागून घेतला. मला पाठ असलेला एकमेव नंबर आईचा. मी मिरजेला आईला केला, आईने रायबंदरला आत्याला केला, आत्याने म्हापशाला काकांना केला. काका तेव्हा केळ्यांचा घड हातात घेऊन माझी बस शोधत उभे होते.

पायलट करून ये, असा उलट निरोप आला. पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल, मागे बसायचं आणि भाडं द्यायचं. पाठीवर सॅक, मांडीवर दुसरी बॅग. पणजीहून रायबंदरला जाणारा रस्ता म्हणजे पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला लांबच्या लांब पूल आहे, जवळजवळ तीन किलोमीटर. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. पुलावर आहोत हे पायलटने सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. मी त्याला रस्ताच समजत होते.

आबा सोप्यावर पेपर वाचत बसले होते. सोपो म्हणजे दारासमोरची दोन्ही बाजूंना बसायची बाकं असलेली जागा, इथल्या जुन्या घरांना असतेच. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले,

"उतरायचं कुठे होतं?"

"म्हापशाला."

"मग हा मुद्रणदोष धरू."

काका अकराला आले. म्हापशाचा बाजार मी असा पाहिला, त्यांच्या दोन पिशव्यांतून. मयड्याची जाड बोटांची केळी. हरमलच्या मिरच्या. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, ज्यांच्या वासाने आत्याचं मांजर तातडीने हजर झालं. माडाच्या काळसर गुळाच्या ढेपा. आगशीचं एक वांगं, एवढं मोठं की त्याला 'एक' म्हणणं अन्याय. आणि सहा मानकुराद आंबे, ज्यांची किंमत काकांनी आत्याला सांगितली नाही. मार्चमधला मानकुराद खायचा नसतो, दाखवायचा असतो, असं आत्या म्हणाली आणि लगेच एक कापला.

रात्री आबांनी एक कोरी वही पुढे केली. "रोज एक पान लिहायचं. मी तपासणार." आबांचं वय त्र्याऐंशी. विसाव्या वर्षी पणजीत एका मराठी दैनिकात जुळारी म्हणून लागले, म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारे, आणि पुढे मुद्रितशोधक होऊन निवृत्त झाले. घरात आत्याशी, काकांशी, शेजाऱ्यांशी, मांजराशी ते कोंकणी बोलतात. माझ्याशी मराठी बोलतात, आणि ते मराठी असं की आपण चपला बाहेर काढून ऐकावं.

शनिवार

सकाळी पों-पों ऐकू आलं. सायकलवर पदेर, म्हणजे पाववाला. आत्याने पोई घेतल्या. कोंड्याच्या, मधे पोकळ, अजून गरम. कालच्या पानावर आबांच्या लाल पेनने सात खुणा होत्या. 'खूप सुंदर पूल' मधल्या 'खूप सुंदर' वर काट. समासात लिहिलेलं : "म्हणजे कसा?"

(वर तुम्ही वाचलंत ते दुरुस्तीनंतरचं आहे.)

आज शहर बघायचं होतं. बायताई, म्हणजे आतेबहीण, आणि आबा दोघेही बरोबर. मिनीबसमध्ये कंडक्टर दाराला लटकून "पणजी पणजी पणजी" एका श्वासात म्हणतो आणि आत माणसाला माणूस चिकटलेला असताना "फाटीं सर, फाटीं सर" करत राहतो. मागे सरकायला मागे असावं लागतं, हे त्याला मान्य नाही.

पुण्याहून येणाऱ्याला पणजी राजधानी वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास होती. आमच्या भागातल्या दोन-चार कॉलेजांची पोरं एकत्र केली तर तेवढी भरतील. पण १८४३ पासून राजधानी हीच. आधी आम्ही भाजी-पाव खाल्ला : पातळ भाजी, सुकी भाजी, वर मिरचीचं भजं. आबांनी एक बन घेतला आणि तो चहात बुडवायला अर्धा तास घेतला.

चर्चच्या पांढऱ्या नागमोडी पायऱ्यांशी आबा खालीच थांबले. "वर जाऊन घंटा बघून या. ती इथली नाही. मंगळवारी तिचं घर दाखवतो." पायऱ्यांवर किमान नऊ जणी फोटो काढून घेत होत्या. त्यांत मी धरून दहा.

जुन्या सचिवालयाची इमारत मूळ आदिलशहाचा वाडा. तिच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे : मागे कलंडलेली बाई आणि तिच्यावर दोन्ही हात पसरून उभा असलेला झग्यातला माणूस. फारिया कांदोळीचा, जन्म १७५६ चा. पॅरिसला जाऊन संमोहनविद्येसाठी गाजला. बायताई लहानपणी बसमधून हा पुतळा आला की डोळे मिटून घ्यायची. अजूनही मिटते, मी पाहिलं.

फोंतेन्यशमध्ये, म्हणजे पणजीच्या जुन्या पोर्तुगीज वस्तीत, मात्र माझा विरस झाला, आणि चूक फोंतेन्यशची नाही. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, पांढऱ्या चौकटी, कौलं, सगळं आहे तसंच आहे. पण प्रत्येक भिंतीला टेकून कोणीतरी उभं. एका दारावर पाटी, इथे फोटोशूट करू नये. पाटीचाही फोटो काढणारे होते. एक आजी खिडकी उघडून बाहेर बघायला आल्या, समोरचे चार मोबाइल पाहिले आणि खिडकी लावून घेतली. मी माझा फोन खिशात टाकला. अर्थात तोवर माझे अकरा फोटो काढून झाले होते.

दुपारी आबा आम्हाला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात घेऊन गेले. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था. वर्तमानपत्रांच्या दालनात आबांची ठरलेली खुर्ची आहे. त्यांनी मराठी पेपर उघडला आणि दोन मिनिटांत खिशातून पेन्सिल काढली. बायताईने हात धरला. "आबा, तो ग्रंथालयाचा आहे." आबा म्हणाले, "म्हणून तर पेन्सिल."

संध्याकाळी शिगमो, म्हणजे इथला शिमगा. मिरवणूक चारला म्हणून जाहीर, पाचला लोक जमले, सहा वाजून गेल्यावर पहिला ढोल वाजला. कोणाचीच तक्रार नव्हती. आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर जागा धरली. आधी ऐकू आलं, मग दिसलं : "ओस्सय! ओस्सय!" रोमटामेळ. डोक्याला तुरेबाज फेटे बांधलेले शे-दीडशे जण, अवाढव्य झेंडे, ढोल, ताशे, आणि कासाळ्यांचा, म्हणजे मोठ्या झांजांचा, तो कर्कश आवाज जो कानातून थेट दातांत जातो. त्यात एक माझ्या वयाचा मुलगा होता, कमरेला ढोल. ढोल त्याच्यापेक्षा रुंद. पथक थांबलं तेव्हा त्याने ढोल खाली ठेवला नाही, नुसता गुडघ्यावर टेकवला, दोन बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी दाताने घट्ट केली, कोणीतरी दिलेलं पाणी अर्धं प्यायला, अर्धं ढोलाच्या पट्ट्याखाली खांद्यावर ओतलं आणि पुन्हा सुरू. त्याच्यामागून घोडेमोडणीचे घोडे. लाकडी घोड्याचं तोंड कमरेला बांधलेलं, हातात तलवार, अंगावर फुलं, आणि पावलं मात्र अगदी मोजून.

मग चित्ररथ आले. राक्षसाचे डोळे लुकलुकत होते, मारुती क्रेनवरून वर जात होता. एका रथाच्या भोंग्यातून खणखणीत मराठीत रामायण चाललं होतं, आणि तो रथ ढकलणारे एकमेकांना कोंकणीत शिव्या देत होते. आबा नव्हते म्हणून बरं. निवेदकाने 'आशीर्वाद'चा 'आर्शिवाद' केला होता.

घरी येईपर्यंत बारा. केसांतला गुलाल बुधवारपर्यंत निघाला नाही.

रविवार

बायताईची स्कूटर, मी मागे. ओल्ड गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर, तिथून फेरीने दिवाडी बेटावर. पायी माणसाला फेरी फुकट. स्कूटरी, गाड्या, एक वासरू आणि केकचा खोका सांभाळणारे गृहस्थ, सगळे एका लोखंडी तळावर. पाच-सात मिनिटांचा प्रवास. पण ही पाच मिनिटं कोणी मोबाइल बघत नाही, हे लक्षात आलं. लोक पाण्याकडे बघतात, रोज जाणारेसुद्धा.

दिवाडी ओलांडून पलीकडे दुसरी फेरी, ती नार्व्याला लागते. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार नार्व्याला आलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे देऊळ बांधवलं. दारावर शिलालेख आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे आम्हाला असेल कदाचित, पण मी वाचलं होतं ते परीक्षेपुरतं. देऊळ भव्य वगैरे अजिबात नाही. उतरत्या छपराचं, गार, झाडीत बुडालेलं, आणि त्या वेळी आम्ही दोघी आणि एक भटजी, एवढेच. भटजींनी विचारलं, कुठल्या? मी म्हटलं, मिरज. म्हणाले, "म्हणजे जवळच्याच."

परतीच्या फेरीची जेवणाची सुट्टी झाली होती. धक्क्यावर पाऊण तास बसलो. ऊन असं की स्कूटरची सीट शिवता येईना. जवळच कुठेतरी काजूची बोंडं मळत असावेत. तो वास एकदा नाकात गेला की दिवसभर जात नाही, गोड आणि किंचित कुजका. एका बाईकडे थंडगार निरो मिळाला, बोंडांचा ताजा रस. पहिला घोट गोड, दुसऱ्याला घसा आवळतो. हुर्राकही होता, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू. बायताई म्हणाली, "तो परीक्षा झाल्यावर." कुणाच्या, ते सांगितलं नाही.

सोमवार

सोमवार म्हणजे घरात शिवराक, मासळी बंद. आत्याने खतखतं केलं. सगळ्या भाज्या, तूरडाळ, नारळ आणि वर तिरफळं; पहिल्या तिरफळाला मी चावले आणि जीभ दहा मिनिटं माझी नव्हती.

काकांनी रजा काढून फोंड्याकडची देवळं दाखवली : मंगेशी, म्हार्दोळ, कवळे. मंगेशाचं मूळ ठाणं कुशस्थळी. १५६० मध्ये तिथून देव इकडे आणला. त्या काळी हा भाग पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होता, म्हणून एवढे देव एवढ्या जवळ-जवळ. मंगेशीचा सातमजली दीपस्तंभ सगळ्यांनी फोटोत पाहिलाय, मी वर्णन करत नाही.

लिहायचं आहे ते वेगळंच. एका देवळाच्या सभामंडपात चार-पाच जण भजनाची तयारी करत होते. "पेटी हांगा दी," तबल्यावर हातोडी मारता मारता एक जण म्हणाला. दुसऱ्याने कोणाच्या तरी म्हशीची गोष्ट सांगितली, सगळी कोंकणीत, सगळे हसले. आणि मग त्याच माणसाने डोळे मिटून तुकोबांचा अभंग उचलला. शब्द न् शब्द स्वच्छ. अभंग संपला, डोळे उघडले, म्हैस पुढे चालू.

मी काकांना विचारलं, हे मराठी कुठे शिकले? काकांना प्रश्नच कळला नाही. "शिकले म्हणजे? देवळात मराठीच असतं." रात्री हे वहीत लिहिलं. आबांनी त्या पानावर एकही खूण केली नाही. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक होती, मला स्वतःला नंतर दिसली. त्यांना दिसली नसेल हे शक्यच नाही.

मंगळवार

आबांबरोबर ओल्ड गोवा. बॉम जीझसमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी, समोर सॅ कॅथेड्रल. दोन्हींकडे सहलीच्या बसगाड्या. आबा तिथे फार रमले नाहीत. रिक्षा करून मला टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याशी नेलं. एके काळचं प्रचंड चर्च, आता सेहेचाळीस मीटर उंच जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा आणि खाली नुसती जोती. "तुझी घंटा," आबा वर बोट करून म्हणाले. पणजीच्या चर्चमधली घंटा मूळ इथली. मी वर पाहिलं. आभाळ दिसलं.

मग आम्ही रस्त्याकडेच्या एका पडक्या कमानीशी थांबलो. कोणी पर्यटक नाही. सेंट पॉल कॉलेजचं उरलेलं दार. मागे काहीही नाही, गवत.

"१५५६ मध्ये छापखाना इथे आला," आबा म्हणाले. "जायचा होता ॲबिसिनियाला. वाटेत गोवा लागलं आणि राहून गेला. भारतातला पहिला."

"म्हणजे म्हापसा चुकलं आणि पणजीला उतरला."

आबा मोठ्याने हसले. सहा दिवसांत एकदाच.

संध्याकाळी त्यांनी बिस्किटांचा जुना डबा काढला. आत कापसावर खिळे. शिशाचे, करंगळीच्या नखाएवढ्या तोंडाचे, पण हातात घेतले की वजन लागतं. अक्षर उलटं. एक मी ओळखला, 'ळ', दुसरा ओळखेना. आबांनी अंगठ्याला निळी लावली, खिळ्यावर फिरवली आणि माझ्या तळहातावर दाबला. 'ज्ञ'. काना वेगळा, मात्रा वेगळी, रफार वेगळा, आणि डोळे न लावता हाताला कळायचं कुठला खण कुठला. संगणक आल्यावर हे खिळे वितळवायला गेले, त्या वेळी एवढे यांनी उचलून आणले.

त्यावरून १९६७ निघालं. १६ जानेवारीला गोव्यात सार्वमत झालं : महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. आबा तेव्हा ऐन विशी-पंचविशीत, दिवसा प्रचार, रात्री खिळे. त्यांनी फुलाला मत दिलं. दोन पानं चौतीस हजार एकवीस मतांनी जिंकली. "तो आकडा मी जुळवला. ३४,०२१. शून्याचा खिळा झिजलेला होता, बदलून घातला. हरलो म्हणून काय झालं, शून्य नीट उठायला हवं."

दोन वर्षांनी लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, फूल की पानं. आबांनी खरं सांगितलं. ते पानंवाले. लग्न तरी झालं, आणि सासरे मरेपर्यंत जावयाकडून कोंकणी पत्रं मागत राहिले. आबा त्यांना मराठीत लिहीत राहिले.

मी विचारलं, "आणि आज असतं तर?"

"आज मतदान नाही," आबा म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं. आतून आत्या ओरडली, "जेवूंक येयात!" बांगड्याचं हुमण, किसमूर, उकड्या तांदळाचा भात. उकड्या भाताची सवय व्हायला चार दिवस लागतात, पाचव्या दिवशी पुणेरी भात कागदासारखा वाटायला लागतो.

बुधवार

होस्टेलवाल्यांना दाखवायला एक तरी समुद्र हवा म्हणून बायताईने मिरामारला नेलं. वीस मिनिटं. भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी तिथेच आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, विलीनीकरणवाले. काल रात्रीमुळे मी थांबून बघितली, नाहीतर भेळ घेऊन पुढे गेले असते. पाणी पायाला लागलं, चप्पल वाहून जाता जाता सापडली, झालं.

आत्याने बरोबर दिलं : सोलं, दोन डझन पोई (टिकत नाहीत म्हणून मी सांगितलं, तिने ऐकलं नाही), सुक्या सुंगटांची चटणी सहा पिशव्यांत गुंडाळून. सहा पिशव्यांतूनही बसमध्ये सगळ्यांना कळलंय. समोरच्या बर्थवरच्या काकू दोनदा नाक मुरडून झाल्या, तिसऱ्यांदा विचारलं, "म्हापशाची का?"

आबा निरोपाला सोप्यावरून उठले नाहीत. वही हातात दिली, आत काहीतरी खडखडलं. बस सुटल्यावर उघडली. शेवटच्या पानाला चिकटपट्टीने 'ळ' लावलेला.

म्हापसा आत्ता गेलं. जागी होते. हे पान मी चालत्या बसमध्ये लिहितेय, अक्षर वाईट आहे, आणि ते आबांनी तपासलेलं नाही.